घोरण्यातली गप्प जागा

मी गाद्या विकतो. घाटकोपर पश्चिमेच्या एका मोठ्या दुकानात गेली कित्येक वर्षं मी लोकांना शांत झोप विकत आलोय. आमचे शेठ सगळ्यांना सांगायचे, "दिगंबरसारखा सेल्समन शोधून सापडणार नाही." माझी युक्ती एवढीच, की गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की मी चपला काढायचो, स्वतः गादीवर आडवा व्हायचो आणि म्हणायचो, "बघा साहेब, पाठ टेकली की..." पुढचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी घोरायला लागलेला असायचो. नाटक नव्हे, खरंखुरं. भरदुपारी, दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली. गिऱ्हाइकं हसायची आणि गादी घेऊन जायची.

हा आजार आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला कला समजत होतो.

त्या दिवशी एक गुजराती जोडपं आलं होतं, सोबत सासूबाई. नवरा म्हणे कडक गादी हवी, बायको म्हणे मऊ. मी नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला, म्हणजे मधल्या गादीवर आडवा झालो. पुढचं मला आठवत नाही, कॅशवर बसणारा आमचा सावंत सांगतो ते असं: मी घोरायला लागलो, तिघं हसली. मग घोरणं बंद झालं. तिघं हसतच राहिली. मग हसणंही बंद झालं. माझं पोट वर-खाली होत होतं, पण तोंडातून, नाकातून काहीच येत-जात नव्हतं. ओठ काळसर झाले. सासूबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि किंचाळल्या, "अरे, ए तो गयो!"

तिघंही दाराकडे पळाली. ती दारात पोचायला आणि मी घशातून रेडा ओरडावा तसा आवाज काढून उठायला एकच गाठ पडली. उठून मी राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, "...लगेच झोप. दहा वर्षांची गॅरंटी."

सावंत पांढराफटक पडला होता. मी विचारलं, "गिऱ्हाईक गेलं ना रे?"

"गिऱ्हाईक जाऊ दे यार," तो म्हणाला. "दिग्या, तू गेला होतास."

*

आता आठवलं की वाटतं, शरीर किती दिवस दार वाजवत होतं, आणि मी आतून कडी लावून बसलो होतो.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू होत्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, तरी आकडा हलेना. आमच्या मुलुंडच्या नाक्यावरचे डॉक्टर म्हणायचे, मीठ कमी करा. आता मालवणी माणसाला मीठ कमी करा म्हणजे सुकट सोडा, सोलकढी आळणी प्या. मी 'हो हो' म्हणायचो आणि घरी येऊन बांगड्याच्या तुकड्याबरोबर क्षमा मागायचो. सकाळी डोकं असं जड व्हायचं, जणू रात्रभर कोणी त्यावर बसून होतं. रात्री लघवीला इतक्यांदा उठायचो की बायको, नंदा, म्हणायची, "तुमची उशी मोरीतच टाकते, तेवढाच फेरा वाचेल." छातीत अधूनमधून ठोका अडखळायचा, पायरी चुकल्यासारखा. मी त्याला ॲसिडिटी म्हणायचो. मराठी माणसाच्या छातीत जे काही होतं त्याला आधी ॲसिडिटीच म्हणतात.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

मला एकच स्वप्न पडायचं. गावच्या विहिरीत मी खाली खाली चाललोय. पाणी काळं, गार. वर बघितलं की विहिरीचं तोंड ताटाएवढं, मग वाटीएवढं दिसायचं. ओरडावं तर तोंडात पाणी. मग एकदम कोणीतरी केस धरून वर ओढल्यासारखा मी जागा व्हायचो, घामाने भिजलेला, काळीज कानात धडधडतंय. आणि त्या अर्धवट जागेपणी, दाराच्या दिशेने आवाज यायचा. टक. टक. टक. कोणीतरी सावकाश लांब जात असल्यासारखा.

काही वेळा मान वळवली तर दारात उभं असलेलं कोणी दिसायचंही. बुटकं, वाकलेलं, हलायचं नाही. पापणी मिटून उघडेपर्यंत दार रिकामं.

एकदा सकाळी नडगीवर निळा डाग होता, चांगला बोटभर. मी कुठे धडपडलो नव्हतो. नंदाने विचारलं, तर म्हटलं, "दुकानात पलंग लागला." खोटं बोललो. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे लहानपणापासून रात्री फिरणाऱ्या देवचाराच्या, राखणदाराच्या गोष्टी ऐकलेल्या. मी अकरावीपर्यंत विज्ञान शिकलेला माणूस, पण त्या दिवशी आंघोळ करताना तो डाग मी दोनदा साबण लावून धुतला.

*

सावंतने मला ओढतच हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, बोलायला फटकळ. त्यांनी आधी दंडाला एक पट्टा बांधून दिला, सोबत कमरेला छोटं यंत्र. दिवसरात्र बांधून ठेवायचं, ते आपणहून प्रेशर मोजतं.

दिवसा मजा वाटली. गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच दंड फुगायचा आणि मी म्हणायचो, "थांबा, सरकार काहीतरी मोजतंय." रात्री मात्र मजा संपली. त्या पाण्यातून वर येतो न येतो तोच अंधारात कोणीतरी दंड पकडायचं. घट्ट, अजून घट्ट. मग क्षणभर थांबून, जणू विचार करून, सावकाश सोडायचं. यंत्र आहे हे डोक्याला कळत होतं, दंडाला नाही. मी डोळे मिटून पडून राहिलो आणि लहानपणी पाठ केलेली रामरक्षा आठवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीवर झोप लागली, आणि पुन्हा विहीर.

पट्टा परत दिल्यावर बाईंनी रात्रीचे आकडे दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "रात्री झोपल्यावर माणसाचं प्रेशर खाली उतरतं. हृदयाची तेवढीच सुट्टी. तुमचं उतरत नाही, चढतं. तुमचं हृदय रात्रपाळी करतंय."

"रात्रपाळी आमच्या घराण्यातच आहे," मी म्हटलं. "वडील गिरणीत होते."

त्या हसल्या नाहीत. "घोरता?"

"घोरतो म्हणजे!" माझी छाती फुगली. आमच्या घरात घोरणं म्हणजे निर्मळ मनाचं लक्षण. ज्याच्या पोटात पाप नाही त्याला गाढ झोप लागते, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. "घरातली घोरण्यावर उठतात, गजर लावत नाहीत."

"वडील आहेत?"

"नाहीत. पण पुण्यवान माणूस. रात्री जेवले, झोपले, झोपेतच गेले. कोणाला त्रास नाही, हॉस्पिटल नाही. असं मरण कोणाला मिळतं?"

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोललोय की ते आपोआप येतं. लग्नात, बारशात, आप्पांचा विषय निघाला की मी म्हणायचो 'पुण्यवान', समोरचा म्हणायचा 'भाग्यवान', आणि विषय संपायचा.

बाईंनी विचारलं, "ते घोरायचे?"

"आख्खी चाळ हलायची."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ते कशाने गेले हे आता कोणी सांगू शकणार नाही, मीही नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्यांच्यासारखं झोपू नका."

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मला ते एकदम लांबून, पाण्यातून आल्यासारखे ऐकू आले.

*

मग एक रात्र हॉस्पिटलात झोपून तपासणी. डोक्याला, छातीला, पायाला इतक्या वायरी चिकटवल्या की मी मंडपासारखा दिसत होतो, फक्त माळा लावायच्या बाकी. वायरी लावणारा पोरगा म्हणाला, "काका, नेहमीसारखे झोपा." मी गादी दाबून बघितली आणि त्याला म्हटलं, "ही गादी दोन वर्षांत बसणार." सवय जात नाही. मग झोपलो. काही केलं नाही, नुसता झोपलो, आणि त्यातच पकडला गेलो.

बाईंनी जे समजावलं ते मला कळलं तसं सांगतो. मी झोपलो की घशातले स्नायू सैल पडतात आणि वाट बुजते. छाती ओढते, पण हवा येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरत जातो. मेंदूला वाटतं हा माणूस बुडतोय. तो घंटा वाजवतो, हृदय दचकून धावतं, रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर उसळतं, आणि मी रेड्यासारखा ओरडून एक श्वास घेतो. सगळं शांत. पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर. मला यातलं काही आठवत नाही, सकाळचं जड डोकं तेवढं आठवतं. आणि दिवसा पाठ टेकली की झोप का लागते? कारण मी कित्येक वर्षांत झोपलोच नव्हतो.

"म्हणजे विहीर खरी होती?" मी विचारलं.

"कुठली विहीर?"

"काही नाही," मी म्हटलं.

*

मशीन घरी आलं. उशाशी ठेवायचा एक डबा, त्यातून निघालेली जाड नळी आणि नाकावर बांधायचा मास्क. नळीतून हवा जोराने येते आणि घशाची वाट उघडी धरून ठेवते. पहिल्या रात्री मी तो बांधून आरशासमोर उभा राहिलो. आई हॉलमध्ये झोपते, ती काठी टेकत दारात आली, मला बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"देवा म्हाराजा! सोंड इली रे माझ्या झिलाक!"

माझी मुलगी मृणाल कॉलेजात आहे, आजीच्या शेजारी झोपते. तिने आरती सुरू केली. मी मास्कमधून ओरडलो, तर तोंडातून नुसतं फुस्स निघालं. ते लावलं की बोलता येत नाही, हे नंदाला फार आवडलं.

मला मात्र तो मास्क सोसेना. हवा अशी घुसायची, जणू स्कूटरवरून तोंड पुढे काढून चाललोय. चार-पाच रात्री कसाबसा लावला. मग सुचली माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार आयडिया. मशीन चालू करायचं, दिवे घालवायचे आणि मास्क हळूच काढून उशीखाली सरकवायचा. आवाज चालू, नंदा खूश. ती कुशीवर वळून, कानात कापूस घालून झोपायची. सवयच तिला ती.

पुढच्या तपासणीला बाईंनी मशीन संगणकाला जोडलं. ते मेलं सगळी चुगली करतं.

"कांबळी, किती दिवस उशीला श्वास देताय?"

"उशी बरी आहे आता," मी म्हटलं.

"तुमचं हृदय बरं नाही," त्या म्हणाल्या. "ठोका अडखळतो, तो ॲसिडिटीने नाही. रात्री मास्क नसेल तर माझ्या गोळ्या दिवसा काय करणार? एखाद्या रात्री मेंदूने घंटा वाजवायला उशीर केला, तर?"

तरी मी काय करावं? दोन रात्री लावला. तिसऱ्या रात्री पुन्हा उशीखाली. माणूस मरणाला घाबरतो हे खरं, पण नाकावरच्या रबराला जास्त घाबरतो.

*

श्रावण संपला होता, गणपती तोंडावर आले होते. आमच्याकडे दर वर्षी गाऱ्हाणं मी घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने घातलेलं साकडं. एकाने खड्या आवाजात म्हणायचं, तो थांबला की जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" त्या थांबण्यालाच खरी किंमत. मी कुठे थांबायचं ते बरोबर जाणतो, म्हणून सोसायटीतलेही मला बोलावतात.

त्या रविवारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. मृणाल म्हणाली, "बाबा, गणपतीत सगळे जमले की एक धमाल ऐकवणार आहे. आधी तुम्ही ऐका."

तिने मोबाईल ताटाशेजारी ठेवला. त्यात माझं घोरणं होतं. घोरणं चढत जायचं, मध्येच थांबायचं, आणि त्या गप्प जागेत मृणालने स्वतःच्या, चुलतभावंडांच्या आवाजात भरलं होतं, "व्हय म्हाराजा!" मग पुन्हा माझं घोरणं, पुन्हा थांबा, पुन्हा "व्हय म्हाराजा!" जागा अशी बरोबर साधली होती की मीही ठसका लागेपर्यंत हसलो. नंदा तर पदराने डोळे पुसत होती.

"कधी रेकॉर्ड केलंस गं?"

"परवा. फोन तुमच्या कपाटावर ठेवला होता. इथपर्यंतच जोडलंय, पुढचं तसंच आहे."

ती बंद करायला गेली, पण तिचे हात आमटीचे होते. पुढचं वाजत राहिलं.

घोरणं थांबलं. कोणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. पंख्याची कटकट ऐकू येत होती. आणि तिच्या खाली एक बारीक सूं सूं. मशीनची. मशीन शांतपणे, एका लयीत उशीखाली श्वास सोडत होतं. मी नव्हतो.

नंदाने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं.

गप्प जागा लांबत गेली. आम्ही चौघंही, मी धरून, माझ्या श्वासाची वाट बघत बसलो. तुम्हाला सांगतो, स्वतःचं नसणं ऐकणं फार वाईट. आपण समोर भात कालवतोय आणि तिकडे आपण नाही.

मग त्या शांततेत आवाज आला. टक. टक. टक. हॉलकडून, जवळ येत. माझ्या अंगावर काटा आला. आवाज दाराशी थांबला. पंखा. मशीन. आणि मग एकदम रेड्याचा आवाज, माझा, आणि घोरणं सुरू. त्यानंतर दाराशी कोणीतरी लांब सुस्कारा टाकला. टक. टक. टक. सावकाश लांब.

आम्ही तिघांनी एकदमच आईकडे बघितलं. तिची काठी भिंतीला टेकून उभी होती, खालचं रबर केव्हाच पडलेलं. आई सुरमईच्या तुकडीतला काटा काढत होती.

"आई, तू?"

"मगे कोण, भूत?" ती मान वर न करता म्हणाली. "रोज येतंय मी."

"कशाला गं?"

"दिगू, निजेत तुझो दम खंय जाता रे?"

तिने काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"माका म्हायती आसा ती गप जागा," ती म्हणाली. "त्या रातीक ह्यांचा घोरणा थांबला. मी जागीच होतंय. माका वाटला, बरा झाला, आज तरी गप निजले. मी कूस बदललंय आणि निजलंय. तशी नीज माका कित्येक वर्सांत लागूक नव्हती." तिने ताट जरा पुढे सरकवलं. "सकाळी च्या घेवन गेलंय..."

पुढचं सांगायची गरज नव्हती.

"सगळी म्हणाली, पुण्यवान. मी पन म्हटलंय, पुण्यवान. आणि काय म्हणतलंय?"

मृणाल रडायला लागली होती. तिने फोन ताटाखाली सरकवला, जणू त्याचीच चूक. मग नाक ओढत तिने विचारलं, "आजी, पण बाबांचा श्वास परत सुरूच नाही झाला, तर?"

"तर ही काठी आसा मा," आई म्हणाली. "एकदा मारलंय पन, तेच्या पायार. तेवा खंय दम घेतलान."

मी नकळत लेंगा वर करून नडगी बघितली. डाग केव्हाच गेला होता.

*

त्या रात्रीपासून मास्क लावतो. शूर झालो म्हणून नव्हे. ऐंशी पार केलेली बाई काळोखात काठी टेकत येते, माझ्या दाराशी उभी राहून माझा श्वास मोजते, आणि मी उशीला हवा घालतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

सोपं गेलं नाही. बाईंनी वेगळा, लहान मास्क दिला, हवा हळूहळू चढेल असं करून दिलं. दिवसा टीव्ही बघताना लावून बसायचा सराव केला. मग एका सकाळी उठलो आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. बराच वेळ कळेना काय. डोकं दुखत नव्हतं. पुढे एक गोळी कमी झाली, बाकीच्या आहेत, आणि राहतील असं बाई म्हणतात. ठोका पूर्वीसारखा अडखळत नाही. विहीर पुन्हा दिसली नाही. दुकानात मी आता गादीवर आडवा होतो तेव्हा जागाच राहतो. विक्री थोडी पडलीय. शेठ म्हणतात, "दिगंबर, तुझ्यातली ती जादू गेली."

तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर हसा, जरूर हसा, पण मधली गप्प जागा ऐका. घोरणं थांबलं म्हणजे माणूस शांत झोपला, असं धरून कूस बदलू नका. गोळ्या घेऊनही प्रेशर हटत नसेल, सकाळी डोकं जड होत असेल, दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर डॉक्टरांना घोरण्याचंही सांगा. लाज कसली? मी तर त्याचा अभिमान बाळगला होता.

एक अडचण आली ती कोणाच्या ध्यानात नव्हती. मास्क लावला की मी घोरत नाही. घर रात्रभर चिडीचूप. आणि आमच्या घरात दोन बायका अशा, की त्यांना चिडीचूप झालं की जाग येते. नंदाचा हात माझ्या पोटावर यायचा, वर-खाली होतंय ना बघायला. आणि हॉलमधून, गणपतीपर्यंत रोज, काठी यायचीच. टक. टक. टक. मी जागा असलो तर अंधारात अंगठा वर करायचो, पण आईला तो दिसायचा नाही, आणि बोलावं तर फुस्स.

गणपतीत गाऱ्हाणं मीच घातलं. घसा मोकळा होता, आवाज असा लागला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. आप्पांचं नाव घेतलं तेव्हा तोंडावर आलेला 'पुण्यवान' हा शब्द मी गिळला. नुसतं म्हटलं, "त्येंची आठवण ठेव रे म्हाराजा," आणि थांबलो. सगळे ओरडले. आईचे नुसते ओठ हलले.

त्या रात्री दिवे घालवल्यावर मी मास्क बांधला, मशीन चालू केलं, आणि हात मागे नेऊन पलंगाच्या फळीवर दोनदा टकटक केलं. कशासाठी ते नंदालाही सांगितलं नव्हतं.

जरा वेळ काहीच नाही. पंखा, मशीन.

मग हॉलमधून आईचा झोपाळलेला आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आणि काठी भिंतीला टेकवल्याचा. त्यानंतर रात्रभर ती हलली नाही, असं मृणाल सांगते. मला कसं ठाऊक असणार, मी झोपलो होतो.